नशा, शिक्षा आणि लोकमत



या व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे हा विषय छापून आला, तेव्हा आमच्या युनियनच्या कचेरीत दोन दिवस दुसरे बोलणे नव्हते. एका जुन्या सहकाऱ्याने तर तोंडावरच विचारले, "काय भाऊ, बोनसचा प्रश्न सुटला वाटतं? आता चिलमीसाठी मोर्चा काढायचा का?" त्यांचा राग आम्हांस समजतो. आमचे सारे आयुष्य कामगारवस्तीत गेले. दारूने आणि गर्दने उठलेली घरे मोजावयास बसलो तर दोन्ही हातांची बोटे पुरावयाची नाहीत. १९८२ च्या गिरण्यांच्या संपाच्या वेळी आम्ही शाळकरी होतो. त्यानंतरच्या चार-सहा वर्षांत आमच्या चाळीच्या जिन्याखाली चांदीच्या कागदावर पूड जाळून धूर ओढणारी मुले बसू लागली. त्यांतील दोघे आमच्याबरोबर क्रिकेट खेळलेले होते. 'गर्दुल्ला' हा शब्द मराठीत त्याच काळात रूढ झाला आणि पुण्यास डॉक्टर अनिल व सुनंदा अवचटांचे 'मुक्तांगण' १९८६ साली उघडले तेही त्याच काळात. तेव्हा नशेची वकिली करण्यास आम्ही येथे उभे नाही, हे आरंभीच सांगून टाकतो.

आम्हांस बोलावयाचे आहे ते लोकमताविषयी. स्वतःपुरती नशा करणाऱ्या माणसाला सरकारने गुन्हेगार मानावे की मानू नये, हा प्रश्न गेल्या पंचवीस वर्षांत निरनिराळ्या देशांनी आपल्या जनतेपुढे ठेवला. जनतेने त्याची उत्तरे दिली, काही ठिकाणी दिलेले उत्तर परतही घेतले. ती उत्तरे अशी का आली, हे पाहण्यासारखे आहे. आम्ही पंडित नव्हे. रात्रशाळेत मॅट्रिक झालो, पुढचे शिक्षण वाचनालयातले. परंतु तीस वर्षे लोकांचे हात वर करवून घेण्याचाच धंदा केला असल्यामुळे हात कशाने वर जातो आणि कशाने खाली येतो, याचा थोडासा अनुभव आमच्या गाठी आहे.

प्रथम आमच्याच घरची गोष्ट सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या एका कारखान्यातील बावीस वर्षांचा मुलगा पाळी सुटल्यावर गेटापलीकडच्या टपरीवर उभा असताना पोलिसांच्या धाडीत सापडला. खिशात गांजाच्या दोन पुड्या. जामीनदार मिळेपर्यंत चार दिवस कोठडीत गेले. कायम होण्यास त्याला दोन महिने उरले होते. कंपनीने त्याच आठवड्यात नाव कमी केले. प्रकरण आमच्या कमिटीपुढे आले. कमिटी अकरा जणांची. युनियनने त्याच्यासाठी लढू नये, असे नऊ मतांनी ठरले आणि त्या नऊ हातांत आमचा हात होता. युनियन गांजेकसांना पाठीशी घालते असे मालक उद्या गावभर सांगेल, हे आमचे कारण. ठराव झाल्यावर कँटीनमध्ये काम करणाऱ्या आमच्या एक सभासद बाई उठल्या व म्हणाल्या, "गेल्या महिन्यात दारू पिऊन मशीनवर आला त्याला तुम्ही भांडून परत घेतलात. पेढे वाटलेत. हा तर ड्यूटी संपवून बाहेर गेला होता." कोणी काही बोलले नाही. बाईंचे म्हणणे खरे होते, आणि ते खोडून काढण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. ठराव मात्र तसाच राहिला.

त्या दिवसापासून हा प्रश्न आमच्या डोक्यात बसला. पुढे एकदा आम्ही दोन गेटांवरच्या सभांत मुद्दाम दोन प्रश्न विचारले. पहिल्या गेटावर विचारले, "गांजा ओढणाऱ्याला तुरुंगात टाकावे काय?" जवळजवळ सगळे हात वर. दुसऱ्या गेटावर विचारले, "तुमच्या मुलाच्या खिशात गांजाची पुडी सापडली, तर त्याला तुरुंगात टाकावे की डॉक्टरकडे न्यावे?" सगळे हात डॉक्टरच्या बाजूने. माणसे एकाच वस्तीतली, एकाच पगाराची. याला शास्त्र म्हणत नाहीत हे आम्ही जाणतो. पण एक गोष्ट त्यातून उघड होते. नशा करणारा हा जोवर 'कोणीतरी' असतो तोवर लोकमत एक असते, आणि तो 'आपला' झाला की दुसरे.

आता शब्दांचा घोळ मिटवून घेऊ, कारण अर्धे भांडण शब्दांचेच आहे. या विषयात तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली, विकणे, पिकवणे, सेवन करणे हे सारेच कायदेशीर करावयाचे, म्हणजे तंबाखूसारखे दुकान उघडावयाचे. दुसरी, विक्री गुन्हाच ठेवावयाची, परंतु स्वतःपुरता थोडा माल जवळ बाळगणाऱ्यास गुन्हेगार मानावयाचे नाही. दंड करा, समज द्या, दवाखान्यात धाडा, पण कोर्टाचा शिक्का नको. तिसरी, कायदा जसा आहे तसाच ठेवावयाचा, पण पोलिसांनी डोळा बारीक करावयाचा. दुसऱ्या प्रकारास हल्ली 'निर्गुन्हेगारीकरण' असा एक शब्द निघाला आहे. तो आमच्या तोंडात मावत नाही. आम्ही आपले 'गुन्ह्यातून वगळणे' म्हणतो. लोकांना पहिला व दुसरा प्रकार एकच वाटतो आणि पुढाऱ्यांनाही तो तसा वाटू देणे पुष्कळदा सोयीचे जाते.

आपल्याकडचा कायदा १९८५ चा. त्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे नुसते सेवन हाच गुन्हा आहे. कोकेन, मॉर्फिन, हेरॉइन असेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इतर पदार्थांस सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गंमत अशी की, या कायद्याने गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा असे ठरविले आणि नुसती पाने त्यातून वगळली. म्हणून शिवरात्रीची भांग या कायद्यात येत नाही. ती राज्याराज्यांच्या कायद्यांवर सोडलेली आहे. एकाच झाडाचे पान पुण्यात मोडावे आणि फूल पापात, असा हा प्रकार! मात्र याच कायद्यात ६४-अ हे एक फार शहाणपणाचे कलम आहे. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात माल बाळगल्याचा आरोप असेल आणि तो आपण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेण्यास तयार झाला, तर त्याच्यावरील खटल्यास माफी मिळू शकते. उपचार अर्धवट टाकल्यास माफी जाऊ शकते. हे कलम आम्हांस स्वतःला त्या मुलाच्या प्रकरणाच्या वेळी ठाऊक नव्हते. त्याच्या वकिलाने ते काढले नाही, आम्हीही काढले नाही. कामगार कायद्यांची कलमे पाठ म्हणून दाखविणाऱ्या आम्हां मंडळींना ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे.

माणसे किती, याचा अंदाज असावा म्हणून एक आकडा देतो. केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्स संस्थेकडून देशभर पाहणी करविली, तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. तीप्रमाणे दहा ते पंच्याहत्तर वयाच्या लोकांत दारू पिणारे सुमारे १६ कोटी, आणि भांग, गांजा वा चरस घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख. यांतील भांग घेणारे सोडले, तरी गांजा-चरसवाले १ कोटी ३० लाखांच्या घरात राहतात. एवढ्यांना ठेवील असा तुरुंग कोणी बांधला नाही व बांधणारही नाही. तेव्हा कायदा सर्वांवर चालत नाही, तो वाट्याला येईल त्यावर चालतो. टपरीवर उभा राहणाऱ्याच्या वाट्याला तो लवकर येतो, बंगल्याच्या गच्चीवर बसणाऱ्याच्या उशिरा.

आता परदेशाकडे वळू. अमेरिकेत गॅलप नावाची लोकमताची पाहणी करणारी जुनी संस्था आहे. गांजा कायदेशीर करावा काय, असे तिने १९६९ साली प्रथम विचारले, तेव्हा शंभरांत १२ लोक 'होय' म्हणाले. २०२३ साली 'होय' म्हणणारे ७० निघाले. मते बदलण्यास अर्धे शतक लागले, आणि ते सरळ चढत गेले असेही नाही. १९७० च्या दशकात चढले, १९८० च्या दशकात थबकले, मग पुन्हा चढले. परंतु हा झाला गांजाचा हिशेब. हेरॉइनसारख्या जहाल नशेबद्दल लोक काय म्हणतात याची खरी परीक्षा झाली ती ओरेगॉन या राज्यात, आणि ती कथा थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे हे राज्य या बाबतीत पूर्वीपासून पुढे. गांजाची थोडी पुडी बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून वगळणारे अमेरिकेतील ते पहिले राज्य, १९७३ साली. तेथे जनतेला मतपेटीतून थेट कायदा करता येतो. २०२० च्या नोव्हेंबरात ११० क्रमांकाचा प्रस्ताव मतास आला. हेरॉइन, कोकेन इत्यादी कोणताही पदार्थ ठरावीक मर्यादेपर्यंत जवळ सापडला तर अटक नाही; शंभर डॉलरच्या दंडाची चिठ्ठी, आणि एका टेलिफोन क्रमांकावर बोलून आपली प्रकृती सांगितली की तो दंडही माफ. गांजावरच्या करातून येणारा पैसा उपचारकेंद्रांस द्यावयाचा. शंभरांत ५८ मते पडून प्रस्ताव मंजूर झाला आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून अमलात आला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी मथळे दिले.

साडेतीन वर्षांत सर्व उलटले. २०२३ च्या ऑगस्टात एमर्सन कॉलेजने घेतलेल्या पाहणीत शंभरांतील ५६ मतदार म्हणाले, हा कायदा साफ रद्द करा. निदान काही भाग काढा म्हणणारे ६४ होते. २०२४ च्या एप्रिलात गव्हर्नर टीना कोटेक यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि १ सप्टेंबर २०२४ पासून नशेचा पदार्थ बाळगणे ओरेगॉनात पुन्हा गुन्हा झाले. मात्र उपचारास जाणाऱ्यासाठी खटल्याबाहेरची वाट ठेवली.

हे का झाले? आमच्या मते याचे उत्तर टेलिफोनात आहे. राज्याच्या हिशेबतपासणीत असे निघाले की, पहिल्या पंधरा महिन्यांत त्या क्रमांकावर अवघे ११९ फोन आले आणि दर फोनामागे सरकारला सात हजार डॉलरांवर खर्च पडला. चिठ्ठ्या मिळालेल्या बहुतेकांनी ना दंड भरला, ना फोन केला. न केल्याबद्दल काही होतही नव्हते. उपचारासाठी ठेवलेला पैसा केंद्रांच्या हाती पडण्यास दीड-दोन वर्षे लागली. म्हणजे जुना पहारा पहिल्या दिवशी उठला आणि नवा दवाखाना दुसऱ्या वर्षी उघडू लागला. मधल्या काळात पोर्टलंड शहराच्या फुटपाथांवर लोक उघड नशा करताना दिसू लागले. त्यातच फेंटानिल हे अतिशय जहाल रसायन नेमके त्याच वर्षांत पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले आणि माणसे पटापट मरू लागली. वर करोनाची साथ. मृत्यू वाढले ते कायद्यामुळे की फेंटानिलमुळे, यावर अभ्यासकांत वाद आहे. फेंटानिलचा हिशेब धरला तर कायद्याचा दोष दिसत नाही, असे काहींचे गणित, काहींचे याउलट. पण फुटपाथवरून मुलाचे बोट धरून शाळेत जाणाऱ्या बाईने हे गणित करीत बसावे, अशी अपेक्षा कोण धरील? तिने दोनच गोष्टी पाहिल्या, कायदा बदलला आणि दारासमोर माणूस पडला. अशा बाईला अडाणी ठरविणारे लेख आम्ही वाचले आहेत. तसे लिहिणाऱ्यांनी एकदा त्या फुटपाथवर बिऱ्हाड करून पाहावे.

मूळच्या ५८ मतांचाही अर्थ नीट लावला पाहिजे. लोकांनी मत दिले ते 'उपचार मिळतील' या वचनाला. वचनाचा अर्धा भाग पाळला गेला आणि तो नेमका फुकटातला अर्धा भाग होता. आम्ही करार करणारे लोक आहोत. 'आधी संप मागे घ्या, पगारवाढीचे मागाहून पाहू' असे म्हणणाऱ्या मालकाशी करार केला म्हणजे पुढे गेटावर उभे राहून काय ऐकून घ्यावे लागते, ते आम्हांस विचारा.

याच्या उलट स्वित्झर्लंडची गोष्ट. १९९० च्या सुमारास झ्युरिक शहरात, रेल्वे स्टेशनाजवळ व राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयाच्या पाठीमागे, प्लाट्झश्पिट्झ नावाची बाग होती. तेथे रोज शेकडो माणसे उघड्यावर हेरॉइनच्या सुया टोचून घेत. पोलिसांनी १९९२ साली बाग बंद केली, तर तो जथा लेटेन या बंद पडलेल्या स्टेशनात गेला. १९९५ साली तेही बंद केले. पण नुसते हुसकून ते थांबले नाहीत. प्रतिबंध, उपचार, हानी कमी करणे आणि पोलिसी बंदोबस्त असे चार खांब त्यांनी एकदम उभे केले. जुन्या, हट्टी व्यसनींना १९९४ पासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दवाखान्यातच, मोजून मापून हेरॉइन देण्याचाही प्रयोग केला. ऐकून अंगावर काटा येतो. परंतु ती माणसे रोजच्या चोरीमारीतून सुटली आणि बागा पुन्हा मुलांना मिळाल्या.

आम्हांस विशेष वाटते ते तेथील मतदानाचे. त्या देशात लहानसहान गोष्टींवरही सार्वमत घेतात. १९९७ साली कडक नशाबंदीचा प्रस्ताव आला, तो शंभरांतील ७० मतांनी फेटाळला. दुसऱ्याच वर्षी सर्व नशा मोकळी करण्याचा प्रस्ताव आला, तोही ७४ मतांनी फेटाळला. २००८ साली एकाच दिवशी दोन प्रश्न होते. दवाखान्यात हेरॉइन देण्याची पद्धत कायम करावी काय? ६८ मते 'होय'. गांजा मोकळा करावा काय? ६३ मते 'नाही'. म्हणजे ज्या मतदाराने हेरॉइनच्या दवाखान्यास होकार दिला, त्यांतील पुष्कळांनी त्याच कागदपत्रांच्या गठ्ठ्यात गांजाला नकार दिला. वरवर पाहता हे विसंगत. पण नीट पाहिले तर त्या लोकांच्या मनात प्रश्न नशा चांगली की वाईट हा नव्हताच. जे रडगाणे दारात येऊन बसले आहे ते कशाने हलते, एवढेच ते पाहत होते. दहा-बारा वर्षे त्यांनी डोळ्यांसमोर फरक पाहिला आणि मग मत दिले.

पोर्तुगालचे नाव या चर्चेत सर्वांत जास्त घेतले जाते, म्हणून थोडक्यात सांगतो. सुमारे एक कोटी वस्तीच्या त्या देशात १९९० च्या दशकात हेरॉइन घेणारे एक लाखाच्या घरात होते, म्हणजे शंभरांत एक. श्रीमंत-गरीब दोन्ही घरांत. २००० साली पार्लमेंटाने कायदा केला व १ जुलै २००१ पासून तो लागू झाला. दहा दिवस पुरेल एवढा माल बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. मात्र त्या माणसाला कायदा, आरोग्य व समाजसेवा यांतील माणसांच्या एका समितीपुढे उभे राहावे लागते. विक्री गुन्हाच आहे. सुयांमुळे होणारी एच.आय.व्ही.ची नवी लागण पुढे फारच खाली आली. पण तेथे सार्वमत घेतले नव्हते, हे विसरू नये. तज्ज्ञांनी सांगितले, पार्लमेंटाने ऐकले, आणि पैसा व डॉक्टर पहिल्यापासून बरोबर दिले. पुढे २०१२ च्या सुमारास, आर्थिक ओढाताणीच्या दिवसांत, व्यसनमुक्तीचे स्वतंत्र राष्ट्रीय खाते मोडून ते काम प्रांतोप्रांतीच्या आरोग्ययंत्रणांत वाटले. आणि अलीकडे पोर्तो शहरातील रहिवासी पुन्हा रस्त्यावरच्या नशेबद्दल तक्रार करू लागले, ते आम्हांस नवल वाटत नाही.

आता आपल्याकडे या. लोकमत अजमावण्यात आपण कोणाच्या मागे नाही. १८९३ साली, विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न निघाल्यावरून, हिंदुस्थान सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी कमिशन नेमले. सात सभासद, त्यांतील तीन हिंदी. देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या. त्यांत अंमलदार, डॉक्टर, शेतकरी, व्यापारी, साधुबैरागी सगळे. १८९४ साली अहवाल आला. माफक सेवनाने म्हणण्यासारखी हानी होत नाही, अतिरेकाने होते. समूळ बंदी करू नये, कर व नियंत्रण ठेवावे, असा त्याचा रोख. परक्या सरकारला अबकारीचे उत्पन्न हवे होते, हे खरेच, तेव्हा हा अहवाल आम्ही डोक्यावर घेऊन नाचत नाही. तथापि गांजा ओढणाऱ्यालाच बोलावून 'तुझे काय म्हणणे आहे' असे विचारण्याची रीत त्यांनी पाळली. आजच्या परिषदांत पोलीस असतात, मंत्री असतात, डॉक्टर असतात. तो एकटा नसतो.

दारूबंदीचा अनुभव तर आपल्या वाडवडिलांचा. मुंबई राज्याने १९४९ साली कायदा केला आणि १९५० पासून राज्यभर दारूबंदी आली. हेतू उदात्त होता. मद्यपानबंदीचे उद्दिष्ट घटनेच्या ४७ व्या कलमातही लिहिलेले आहे. पण ज्याला डॉक्टरचा दाखला परवडे त्याला प्रकृतीच्या नावाखाली परमिट मिळे, आणि ज्याला परवडत नसे त्याला हातभट्टी. पुढे सरकारने हळूहळू बंधने सैल केली. यावरून 'बघा, बंदी कधीच चालत नाही' असा निष्कर्ष पुष्कळ लोक काढतात. आम्हीही काढीत होतो. पण त्यात एक अडचण आहे, आणि ती अडचण बायकांची आहे.

आपल्या महाराष्ट्रात वस्तीतील दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदान होते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जो मतदानाला आलाच नाही, तो उभ्या बाटलीच्या पारड्यात. एवढी चढण असूनही ठिकठिकाणच्या बायकांनी बाटली आडवी केली आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, ती चळवळीतून आली. चंद्रपुरात बायकांच्या मोर्चांनंतर २०१५ साली आली आणि २०२१ साली सरकारने उठविली. बंदीने दारू नाहीशी होत नाही हे या बायकांस आपल्याहून चांगले ठाऊक आहे. तरी त्या बंदी मागतात. कारण दुकान कोपऱ्यावर असणे आणि पाच कोसांवर चोरून मिळणे, यात घरच्या डब्यातील पैशांच्या हिशेबाने फरक पडतो. शहरातील सुशिक्षित तरुण 'माझे शरीर, माझी मर्जी' म्हणतो, तेव्हा तो एकट्याच्या खोलीचा विचार करीत असतो. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात तेथे कोणाची नशा त्याच्यापुरती राहत नाही.

मग आमचे मत काय? सांगतो. स्वतःपुरता गांजा जवळ बाळगणाऱ्यास फौजदारी गुन्हेगार ठरविल्याने कोणाचेही भले होत नाही, असे आता आमचे मत झाले आहे. बावीसाव्या वर्षी लागलेला शिक्का नोकरी घालवितो, आणि बेकार माणूस नशा सोडीत नाही, वाढवितो. सामाजिक न्याय मंत्रालयाने २०२१ साली या दिशेने सूचना केल्याचे वृत्तपत्रांत आले होते, तिचे आम्ही स्वागतच केले. पण हेरॉइन किंवा नव्या रासायनिक गोळ्यांच्या बाबतीत ओरेगॉनसारखी उडी आम्ही मारणार नाही. आधी प्रत्येक तालुक्यास व्यसनमुक्तीच्या खाटा, समुपदेशक आणि औषधे द्या. ६४-अ कलम प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर मराठीत लावा. मग कायद्यास हात घाला. हा क्रम उलटा केला तर लोकमत चार वर्षांत तुमच्या अंगावर येईल, आणि ते चुकीचे असणार नाही. विक्री करणाऱ्याबद्दल आमच्या मनात दया नाही, एवढे सांगून तो भाग सोडतो.

आता आमच्या कमिटीची पुढची हकीगत. तो पहिला मुलगा हल्ली दुसऱ्या गावी मालट्रकवर क्लीनर आहे. दरम्यान गेल्या हिवाळ्यात दुसरे प्रकरण आले. हा कायम कामगार, तिशीतला, दोन मुलांचा बाप. स्टेशनाबाहेर पकडला तेव्हा जवळ दोन ग्रॅम गर्द. या वेळी आम्ही कायद्याचे पुस्तक घेऊनच बसलो. त्याने ६४-अ कलमाखाली उपचारास जावे, युनियनने कंपनीकडे बडतर्फीऐवजी उपचाराची रजा मागावी, असा ठराव आम्ही मांडला. आमची अशी कल्पना होती की, कँटीनमधल्या त्या बाई सर्वांआधी हात वर करतील. पहिल्या प्रकरणात आम्हांला लाजविणाऱ्या त्याच.

ठराव सहा विरुद्ध पाच मतांनी मंजूर झाला. बाईंचे मत विरोधात होते. आम्ही कारण विचारले. त्या म्हणाल्या, "भाऊ, तो गांजावाला पोरगा वेगळा आणि हा वेगळा. माझा सख्खा भाऊ तीनदा उपचार घेऊन आला. वहिनीनं मंगळसूत्र दोनदा सोडवलं. तो जेलमध्ये होता ते चार महिने तिची पोरं रोज पोटभर जेवली. तेवढेच चार महिने. तुमचा ठराव तिला वाचून दाखवा आणि मग मला सांगा."

आम्ही काही बोललो नाही. हे वाक्य इतिवृत्तात जसेच्या तसे घ्यावे, असा बाईंनी आग्रह धरला. ते तसे घेतले आहे, आणि ठरावाची प्रत कंपनीकडे गेली तेव्हा तीवरही ते होते. तो कामगार उपचारास गेला आहे. कंपनीचे उत्तर अजून यावयाचे आहे.